‘एकटीच? आणि तिकडं कशाला?’

बाई पिशवी भरून घराबाहेर पडू लागली की तिला दोन प्रश्न विचारले जातात. ‘एकटीच?’ हा पहिला आणि ‘तिकडं कशाला?’ हा दुसरा. पहिल्याला सोबत दाखवून उत्तर देता येतं. नवरा नाही तर भाऊ, भाऊ नाही तर आठ वर्षांचा पोरगासुद्धा सोबत म्हणून चालतो. दुसऱ्याला मात्र कारण लागतं, आणि चालणाऱ्या कारणांची यादी आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापासून ठरलेली आहे: माहेर, बाळंतपण, दवाखाना, लग्न, मयत, देव. पुढं त्यात शिक्षण, नोकरी आणि बचतगटाचं प्रशिक्षण यांची भर पडली. ती स्त्रियांनी झगडून पाडली, हे खरं. पण यादी यादीच राहिली. जिथं नातेवाईक नाही, देवस्थान नाही, काही काम नाही, अशा एखाद्या आडवाटेच्या जागी केवळ ती जागा बघायची म्हणून बाई निघाली, तर त्या यादीत तिला अजूनही स्थान नाही. पुरुषाला ही यादी कधी कुणी दाखवली आहे का? चार मित्र शनिवारी रात्री गाड्या काढून गडावर जातात, तेव्हा ‘पोरं फिरायला गेलीत’ एवढं कारण पुरतं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्याच संघटनेच्या बैठकीत झालेली चर्चा. सहली बंद कराव्यात, निदान डोंगरदऱ्यांच्या तरी बंद कराव्यात, असा सूर तिथं निघाला. हा सूर पुरुषांनी काढला असता तर त्याला काय उत्तर द्यायचं ते आपल्याला पाठ आहे. तो वीस-वीस वर्षं चळवळीत घालवलेल्या कार्यकर्त्यांनी काढला, म्हणून त्याचा जाहीर विरोध करणं मला गरजेचं वाटतं.

घडलं ते असं. घाटमाथ्यावरच्या एका गावात गटाची बैठक होती. ‘यंदा सहलीला कुठं?’ असं विचारलं, तेव्हा शिर्डी, वणी, त्र्यंबक ही नेहमीची नावं आली. पन्नाशीच्या एक बाई मात्र म्हणाल्या, ‘शेतातनं रोज तो डोंगर दिसतो. त्याला आरपार भोक हाय म्हणत्यात. त्यातनं पलीकडं काय दिसतं ते मला बघायचंय.’ आधी सगळ्या हसल्या, आणि मग तेच ठरलं. डोंगर म्हणजे रतनगड, आणि भोक म्हणजे त्याच्या माथ्यावरचं नेढं. भाताची काढणी उरकल्यावर अकरा जणी निघाल्या. पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं देऊळ आहे. बहुतेकींनी घरी ‘अमृतेश्वराला जातो’ एवढंच सांगितलं. देव यादीत होता, डोंगर नव्हता.

वर जायला कातळावर लोखंडी शिड्या आहेत. दोघी-तिघी तिथं बसून राहिल्या आणि मग एकमेकींना धरून चढल्या. नेढ्यात वारा एवढा की डोक्यावर पदर टिकेना. शेवटी सगळ्यांनी तो कमरेला खोचून टाकला. एका अंगाला कोकणात कोसळणारे कडे, दुसऱ्या अंगाला भंडारदऱ्याचं पाणी. कुणी काही मोठं बोललं नाही. एक जण एवढंच म्हणाली, की आपलं गाव किती बारकं दिसतं!

एकीलाही साधं खरचटलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं सगळ्या घरी परतल्या. पण फोनवरचे फोटो गावात फिरले आणि त्या रात्री एका बाईच्या नवऱ्यानं तिला घरात घेतलं नाही. देवाला सांगून डोंगरावर गेली, हा तिचा गुन्हा. ती रात्र तिनं शेजारणीकडं काढली.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा प्रश्न कुठला यावा? ‘उद्या डोंगरावर काही झालं असतं तर जबाबदार कोण?’ मैत्रिणींनो, डोंगरावर काही झालंच नाही. जे झालं ते घराच्या दारात झालं. तरी आपण डोंगर बंद करायचा विचार करतो आणि घराला प्रश्न विचारत नाही. याच तर्काला आपण आजवर पुरुषप्रधान म्हणत आलो आहोत ना?

सहलींच्या विरोधातले तीन मुद्दे मी ऐकले: सुरक्षितता, चैन, आणि ‘हा आपला विषय नव्हे’. तिन्ही नीट तपासून पाहू.

पहिला सुरक्षिततेचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार स्त्रियांवरच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूर वागणुकीचा आहे, सुमारे ३१ टक्के. ज्याला आपण इतकी वर्षं ‘चारशे अठ्ठ्याण्णव अ’ म्हणत आलो आणि १ जुलै २०२४ पासून जे भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालं, तो हा गुन्हा. आपल्या सल्ला केंद्रांच्या वह्या उघडून बघा. किती जणी अनोळखी डोंगरावर मार खाऊन आल्या आणि किती जणी ओळखीच्या स्वयंपाकघरात? तरी ‘घर असुरक्षित आहे, तिथं बायकांनी जाऊ नये’ असा ठराव आपण कधी केला नाही. मग आडवाटेचाच का करायचा?

बाहेर धोका नाही असं मी म्हणत नाही. धोका आहे. पण राखण आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राखण अटीवर मिळते: वेळेत परत ये, नीट कपडे घाल, सांगितलेल्या रस्त्यानं जा. अट मोडली की राखण संपते आणि दोष तुझा. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईच्या संदर्भात ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाईला अटींची राखण नको, धोका पत्करण्याचा हक्क हवा, असा मुद्दा त्यांनी त्यात मांडला. तो शहराच्या नाक्याला लागू आहे तसाच सह्याद्रीच्या घाटवाटेलाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, बायकांना एक प्रश्न होता: बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर एकटीनं जायला परवानगी आहे का? तिन्ही ठिकाणी परवानगी असलेल्या बायका देशात ४२ टक्के निघाल्या. आकडा तर वाईट आहेच. पण शब्द बघा: परवानगी! सज्ञान नागरिकांच्या बाबतीत सरकारी पाहणीला ‘परवानगी’ हा शब्द वापरावा लागतो, यातच सगळं आलं.

आणि हा हक्क आपल्याला नव्यानं मागायचाही नाही, तो कागदावर आहे. संविधानाच्या कलम १९ नं प्रत्येक नागरिकाला देशभर मुक्तपणे संचार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. कलम १५ सांगतं, की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं अशा जागी केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणाला मज्जाव करता येणार नाही. तरी एका तालुक्याच्या गावी रात्री साडेनऊला एका लॉजवर मला ऐकवलं गेलं, ‘मॅडम, सिंगल लेडीजला आम्ही रूम देत नाही. तुमच्या सेफ्टीसाठीच.’ माझ्या सुरक्षिततेसाठी मला रात्री रस्त्यावर काढणारा हा नियम कुठल्या पुस्तकात आहे, असं विचारलं तर गल्ल्यावरचा माणूस नुसता हसला. नियम कुठंच लिहिलेला नसतो, आणि म्हणूनच तो मोडायला कठीण जातो. अशा वेळी संविधानातलं कलम ठाऊक असणं ही माझ्या मते टॉर्चइतकीच प्रवासाला लागणारी गोष्ट आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी जवळच्या पोलिस ठाण्याला फिर्याद ‘शून्य’ क्रमांकानं नोंदवून घ्यावी लागते, हेही प्रत्येकीला ठाऊक हवं.

दुसरा मुद्दा चैनीचा. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाची गरजांची उतरंड शिकवतात: आधी अन्न-पाणी, मग सुरक्षितता, आणि आत्मविकास पार वरच्या टोकाला. फळ्यावर ती चांगली दिसते. पण गरीब बाईच्या बाबतीत तिचा अर्थ आपण असा लावतो, की तळाची गरज भागेपर्यंत तिनं वरचं काही मागूच नये. तळाची गरज तर जन्मभर भागत नाही! मग तिनं डोंगरापलीकडं कधी बघायचं? नेढ्यातून पलीकडं बघायची इच्छा त्या पन्नाशीच्या बाईंची होती, आणि त्यांच्या घरी आजही पाणी डोक्यावरून येतं.

गरीब बायका प्रवास करत नाहीत असंही नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोड कामगार बायका पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ट्रकमध्ये संसार भरून, पोटुशी असतानासुद्धा. त्यांच्या पाळीमुळं मजुरीचे खाडे पडू नयेत म्हणून गर्भाशयं काढण्यापर्यंत मजल गेली आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. इतका खडतर, इतका जोखमीचा प्रवास! पण त्यातला मुक्काम मुकादम ठरवतो. म्हणजे धोका बायकांना नवा नाही. त्यांना मिळालेली नाही ती निवड. जोखीम दुसऱ्यासाठी उचलली की बाई सोशीक ठरते, आणि स्वतःच्या मर्जीनं उचलली की उनाड.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट झालं आणि पारावर विनोद सुरू झाले, की आता बाया उगीचच फिरायला लागल्या. खरंच काही जणी उगीच फिरल्या असतील तर मला त्याचा आनंद आहे. ‘उगीच’ हा शब्द आजवर फक्त पुरुषांच्या वाट्याला आला होता.

तिसरा मुद्दा, हा आपला विषय नव्हे. त्यावर आपल्याच मातीतल्या दोन गोष्टी आठवा. हिरकणी दूध विकायला रायगडावर गेली, दरवाजे बंद झाले, आणि तान्ह्या बाळासाठी ती रात्री कडा उतरून गेली, अशी आख्यायिका. तिच्या नावानं बुरूज झाला, पुढं एस.टी.ची गाडी झाली, आता बाळाला दूध पाजायच्या खोलीलाही ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. खोली हवीच, तिच्याविषयी तक्रार नाही. पण अंधारात तो कडा उतरणाऱ्या बाईचे पाय, हात, तिची नजर आणि डोंगराची माहिती, याचं कौतुक कुणी केलं? तिचं धाडस आपल्याला मातृत्वाच्या दुपट्यात गुंडाळूनच झेपलं. त्यात अजून बदल झालेला नाही. राज्य सरकारनं २०२३ मध्ये स्त्रियांसाठी पर्यटन धोरण आणलं, त्याला नाव काय दिलं? ‘आई’! पर्यटन व्यवसाय करू पाहणाऱ्या स्त्रीला १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा देणारी त्यातली तरतूद उपयोगाची आहे, तिचा फायदा जरूर घ्या. पण बाई प्रवासाला निघाली तरी तिनं आई म्हणूनच निघावं, ही समजूत त्या नावात बसलेलीच आहे.

दुसरी गोष्ट कळसूबाईची. तिची आख्यायिका आपण फार कमी सांगतो. कळसू ही कोळ्याची पोर. कुणाच्या घरी कामाला राहिली ती अट घालून, की भांडी घासणं, केर काढणं ही कामं करणार नाही. एक दिवस तीच कामं सांगितली गेली, तशी ती रागानं निघाली आणि डोंगरावर जाऊन राहिली. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं, आज तिच्या नावानं उभं आहे. घरकाम नाकारून, कुणाला न विचारता, एकटी डोंगरावर गेलेली पोर या राज्याच्या माथ्यावर बसली आहे. तिची ओटी भरायला शिड्या चढणाऱ्या आपल्याच बायकांना तिची ही गोष्ट कोण सांगणार? हा आपला विषय नाही, तर कुणाचा?

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये बोटीनं अमेरिकेला निघाल्या, तेव्हा बंगालमधल्या श्रीरामपूरला भरसभेत त्यांना खुलासा द्यावा लागला होता: का जाते, आणि एकटी का जाते. त्यांच्याजवळ वैद्यकीय शिक्षणाचं भक्कम कारण होतं. आज बचेंद्री पाल (एव्हरेस्ट, १९८४) किंवा आपल्या साताऱ्याच्या प्रियांका मोहिते (एव्हरेस्ट २०१३, अन्नपूर्णा २०२१) यांचे आपण सत्कार करतो, तेव्हा त्यांच्याजवळही विक्रमाचं कारण असतं. सत्कार जरूर व्हावेत. पण पहिली, सर्वांत उंच, सर्वांत लहान असं काहीतरी झाल्याशिवाय बाईला डोंगर मिळत नसेल, तर तो हक्क नव्हे, बक्षीस झालं. जिला कुठलाच विक्रम करायचा नाही, नुसतं नेढ्यात बसून भाकरी खायची आहे, तिच्यासाठी मी हे लिहिते आहे.

आता थोडं आपल्याकडंही बघू. आपल्यातल्या शहरी मैत्रिणींमध्ये सध्या ‘ऑफबीट’ जागांची हौस वाढली आहे. जी वाट आपल्याला आडवाट, ती तिथल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी बाईची रोजची पायवाट. रतनगडाच्या वाटेवर आम्हाला डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई भेटली. फुटलेल्या दोन वाटांपैकी खरी कुठली, ते तिनं न थांबता सांगितलं. पण गडांवर वाटाड्या म्हणून ज्याला मजुरी मिळते तो जवळपास नेहमी पुरुष. मुक्कामाच्या घरी चुलीपुढं ती, भाकरी थापणारी ती, अंथरुणं झाडणारी ती. पैसे घेतो तो, आणि पाटीवर नाव त्याचं. आपण हे मुकाट बघून ‘किती अगत्य!’ म्हणत परत येणार असू, तर आपल्या धाडसाचा खर्च दुसऱ्या बाईच्या पाठीवर पडतो.

आणि जात. अनोळखी गावात ‘पाणी मिळेल का?’ विचारलं की उलट प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ ज्या मैत्रिणीला त्याचं उत्तर देताना दहा वेळा विचार करावा लागतो, जिला नाव सांगितल्यावर खोली अचानक ‘बुक’ झालेली सापडते, तिचा धोका आणि माझा धोका सारखा नाही. दलित, आदिवासी, मुस्लिम मैत्रिणींनी ‘आम्ही नाही येत तिकडं’ म्हटलं तर त्यांना भित्र्या म्हणू नका. कुठल्या वाटा कुणी आणि कुणासाठी बंद केल्या आहेत ते आधी विचारा, आणि निवडीत त्यांचं मत पहिलं घ्या.

धाडस म्हणजे बेफिकिरी असंही मला म्हणायचं नाही. भर पावसात धबधब्याच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढणं याला मी धाडस म्हणत नाही. डोंगराचा धोका आणि समाजाचा धोका वेगळे ठेवू या. पहिल्याची तयारी करायची: हंगाम बघायचा, वाट माहीत असलेली व्यक्ती घ्यायची, पाणी आणि टॉर्च घ्यायचा, परतीची शेवटची एस.टी. कधी आहे ते विचारायचं, अंधाराआधी उतरायचं. दुसऱ्याशी लढायचं. आपण आजवर उलटं केलं, डोंगराची तयारी शिकलो नाही आणि समाजापुढं माघार घेतली.

म्हणून बैठकीत मी जे मांडलं तेच इथं सर्व गटांपुढं मांडते. सहल बंद करू नका, वर्षातून एक सहल वाढवा. जागा बायकांनीच निवडावी, आणि कुणीच न पाहिलेली निवडली तर उत्तम. घरी सांगताना देवाचं नाव पुढं करू नये. ‘डोंगर बघायला जातो’ असं सांगण्याची ताकद यावी यासाठी आधीच्या दोन बैठका खर्च कराव्यात, आणि त्यानंतर कुणाचं दार बंद झालं तर सगळ्या गटानं त्या दारात जाऊन उभं राहावं. वाटाडी म्हणून तिथल्याच बाईला घ्यावं, पुरुषाला मिळते तेवढी मजुरी तिच्या हातात द्यावी, मुक्कामाचे पैसे घरच्या बाईला द्यावेत. तालुक्याच्या एस.टी. स्थानकात पाणी असलेली, आतून कडी लागणारी स्वच्छतागृहं आणि रात्री थांबता येईल अशी जागा यांसाठी निवेदन द्यावं. मुंबईत २०११ पासून ‘राईट टू पी’ म्हणून स्त्रियांनी जो लढा चालवला, तो गड-किल्ल्यांच्या पायथ्यापर्यंत न्यायला हवा. एकट्या बाईला खोली नाकारणाऱ्या लॉजची लेखी तक्रार करावी आणि ती फलकावर लावावी.

ज्या बाईला त्या रात्री घरात घेतलं नाही, तिच्या नवऱ्याशी गटातल्या सात जणी दुसऱ्या दिवशी जाऊन बोलल्या. दार उघडलं. तो बदलला असं मी म्हणणार नाही. यंदाच्या सहलीसाठी नावं द्यायला सुरुवात झाली तेव्हा तिनं नाव दिलं, आणि घरी खरं सांगूनच येणार असं सांगितलं. आता संघटनेनं ठरवायचं आहे, की तिला ‘यंदा सहल नाही’ असं कळवायचं की तिच्याबरोबर निघायचं. सहलीचा विषय पुढच्या बैठकीत मतदानाला आहे. माझं मत मी इथं देऊन टाकलं आहे.